लाल बटणाचा शब्द

बारावीच्या भौतिकशास्त्रात लॉजिक गेट अगदी शेवटच्या प्रकरणात येतात. तिथवर पोचेपर्यंत वर्ष सरलेलं असतं, प्रॅक्टिकलच्या वहीवर सही मिळवायची धांदल असते, आणि सर म्हणतात, हे सोपंय, घरी बघून घ्या. लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगर भागात हजारो मुलं ती ट्रूथ टेबलं एका दुपारीत पाठ करून टाकतात. दोन्हीकडे एक असेल तरच एक, हा अँड. कुठूनही एक आला तरी एक, हा ऑर. आलेलं उलटं करून देतो तो नॉट. नीटला ह्यावर प्रश्न पडला तर फुकटचे चार मार्क. मग ती मुलं डॉक्टर होतात किंवा पुण्याला जातात, आणि गेटांचा विषय तिथंच संपतो.

माझी तक्रार पाठांतराबद्दल नाही. पाठांतरानं ह्या भागातल्या कितीतरी घरांची कळा बदलली, त्याला नावं ठेवणारा मी कोण? चुटपुट लागते ती वेगळीच. अर्धापूर, मुदखेड, लोहा, अहमदपूर, औसा अशा ठिकाणांहून आलेल्या ह्या मुलांपैकी पुष्कळांच्या शेतात, विहिरीच्या कडेला, खांबाला ठोकलेली एक पत्र्याची पेटी असते. कळायला लागल्यापासून त्यांनी ती चालू-बंद केलेली असते. टेबलात जे आहे ते सगळं त्या पेटीत आहे, आणि टेबलात नाही असंही तिच्यात काही आहे. पण पेटीची आणि पुस्तकाची गाठ कोणी घालून देत नाही. मी नांदेडला मुलांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पहिल्या तासाला फळ्यावर गेटची चिन्हं काढत नाही, स्टार्टर काढतो.

हिरवं बटण दाबलं की पेटीतल्या कॉइलला वीज मिळते, कॉइलचं चुंबक होतं, समोरचा लोखंडी ठोकळा खट् करून ओढला जातो आणि तीन फेजचे तीन कॉन्टॅक्ट मिटतात. मोटार सुरू. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मग मी विचारतो, बोट काढल्यावर हिरवं बटण स्प्रिंगनं परत वर येतं, मग मोटार बंद का पडत नाही? वर्गात शांतता. ज्यांनी पेटी उघडी पाहिलेली असते तेही गप्प.

त्याच लोखंडी ठोकळ्यावर एक चौथा, बारका कॉन्टॅक्ट असतो. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. वायरमन त्याला होल्डिंग म्हणतात. कॉइलनं ठोकळा ओढला की हाही मिटतो, आणि बटणाची वाट तुटली तरी आपल्या वाटेनं कॉइलला वीज देत राहतो. कॉइल चालू आहे कारण कॉन्टॅक्ट मिटलेला आहे. कॉन्टॅक्ट मिटलेला आहे कारण कॉइल चालू आहे. आपल्या नैयायिकांनी असल्या युक्तिवादाला अन्योन्याश्रय म्हणून दोष ठरवलं आणि वादातून हाकलून दिलं. वादात तो दोषच आहे. पण तारेत तोच दोष उतरवला की यंत्राला आठवण येते. कोणी तरी मघाशी हिरवं बटण दाबून गेलं, ही एवढीच गोष्ट ती पेटी लक्षात ठेवते. 1918 साली एकल्स आणि जॉर्डन ह्या दोन इंग्रजांनी रेडिओच्या दोन दिव्यांना असंच एकमेकांच्या आधारानं उभं केलं. तो पहिला फ्लिपफ्लॉप. आजच्या प्रोसेसरमधल्या कॅश मेमरीतला एकेक बिट म्हणजेही एकमेकांना धरून बसलेले दोन नॉट, अधिक आत-बाहेर करायला दोन दारं. मिळून सहा ट्रान्झिस्टर.

ट्रूथ टेबलात नसलेली गोष्ट ती हीच. टेबल फक्त आत्ताचं सांगतं. डावीकडे आत्ता काय आहे ते बघा, उजवीकडे उत्तर. मघाशी काय होतं ते त्याच्या खिजगणतीत नाही. बाहेर आलेलं उत्तर वळवून परत आत घातलं, तेव्हा गेटांच्या राज्यात काळ शिरला.

आता लाल बटण. हिरवं बटण एरवी उघडं असतं आणि दाबल्यावर मिटतं. लाल त्याच्या उलट, एरवी मिटलेलं, दाबल्यावर तुटणारं. ते कॉइलच्या वाटेत सगळ्यांच्या आधी, एकेरी ओळीत बसवलेलं असतं. म्हणजे कॉइलला वीज कधी मिळेल? हिरवं दाबलेलं असेल किंवा होल्डिंग मिटलेला असेल, आणि लाल दाबलेलं नसेल, आणि मोटारीनं जास्त वीज ओढली की वाट तोडणारा ओव्हरलोड पडलेला नसेल. एक ऑर, दोन अँड, दोन नॉट. पण मला त्या बटणाचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच कारणानं. उंदरानं लाल बटणाची वायर कुरतडली तर काय होईल? वाट तुटेल, मोटार बंद पडेल. हेच बटण उलट्या जातीचं बसवलं असतं तर तुटलेल्या वायरीनं मोटार थांबवताच आली नसती, आणि ते कळलं असतं नेमकं थांबवायची वेळ आल्यावर. कुणी तरी आधीच उंदराचा विचार करून ठेवला आहे.

आणि दोन्ही बटणं एकदम दाबली तर? पुस्तकात नॉर गेटांचा लॅच काढतात, त्याच्या टेबलात दोन्हीकडे एक आला की त्या ओळीपुढं ‘निषिद्ध’ लिहितात. मुलं तो शब्द इमानेइतबारे पाठ करतात. शेतात निषिद्ध वगैरे चालत नाही. घाबरलेला माणूस दोन्ही बटणं एकदम दाबणारच. म्हणून मांडणीच अशी, की दोन्ही दाबली तर लाल जिंकेल. हा निर्णय बूलच्या बीजगणितानं सांगितलेला नाही. तो कारागिराचा आहे, आणि एकदा तारा तशा ओढल्यावर पेटीला त्याबद्दल विचार करावा लागत नाही.

बूलचं नाव आलंच आहे तर थोडं त्याच्याबद्दल. जॉर्ज बूल हा एका चांभारकाम करणाऱ्याचा मुलगा, बराचसा स्वतःच शिकलेला. 1854 साली त्यानं विचाराचे नियम बीजगणितात मांडले. त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, ज्याच्या नावाचं शिखर आहे त्या एव्हरेस्टची. ह्या एव्हरेस्टचा साहेब, विल्यम लॅम्बटन, हिंदुस्थान दक्षिणेकडून मोजत मोजत वर येताना 1823 साली आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. बूलचा स्नेही ऑगस्टस डी मॉर्गन तर जन्मलाच मदुरैला, 1806 साली. ह्या योगायोगांतून सिद्ध काहीच होत नाही. पण वर्गात हिंगणघाटचं नाव घेतलं की मागच्या बाकावरची मुलं मान वर करतात, एवढ्यासाठी मी ते सांगतो.

बूलचं बीजगणित ऐंशीएक वर्षं तत्त्वज्ञानाच्या वर्गात पडून राहिलं. 1937 मध्ये अमेरिकेत एमआयटीत क्लॉड शॅनन नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी एका भल्यामोठ्या गणिती यंत्रावर काम करत होता. त्या यंत्राचा कारभार रिले पाहायचे. रिले म्हणजे आपल्या स्टार्टरमधल्या कॉइल-कॉन्टॅक्टचीच धाकटी जात. त्या जंजाळाकडे बघताना त्याला पूर्वी कॉलेजात शिकलेला बूल आठवला. ओळीत जोडलेले कॉन्टॅक्ट, समांतर जोडलेले कॉन्टॅक्ट, हे सगळं कागदावर समीकरण म्हणून लिहिता येतं, समीकरण सोपं करता येतं, आणि समीकरण जेवढं लहान होईल तेवढे रिले वाचतात. जपानमध्ये नाकाशिमा आणि रशियात शेस्ताकोव्ह हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. नाव शॅननचं झालं.

त्या प्रबंधातली एक गंमत फारशी सांगितली जात नाही. शॅननचे शून्य आणि एक आजच्या उलट होते. मिटलेली वाट म्हणजे शून्य, तुटलेली म्हणजे एक. तो प्रवाह मोजतच नव्हता, अडथळा मोजत होता. पुढं लोकांनी ते फिरवून घेतलं, कारण चालू म्हणजे एक हे कानाला बरं वाटतं. पण आमच्याकडच्या शेतकऱ्याला विचाराल तर त्याला शॅननची मूळ रीतच जवळची. बांधावरून कोणी ओरडतं, ‘मोटार कामून चालू नाही गा?’ उत्तर येतं, ‘लाईट नसंल, नायतर फेज उडाला असंल, नायतर ओव्हरलोड पडला असंल.’ मोटार चालण्यासाठी सगळ्या गोष्टी हव्यात. न चालायला कुठलीही एक पुरे. अँडवर नॉट पडला की आतल्या प्रत्येकावर नॉट पडतो आणि अँडचा ऑर होतो. ह्याला पुस्तकात डी मॉर्गनचा नियम म्हणतात आणि सिद्धतेला दोन मार्क असतात.

बरं, ह्या खटखटीतून गणित कसं होतं? त्याच 1937 साली बेल कंपनीतल्या जॉर्ज स्टिबिट्झनं घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रिले, टॉर्चचे बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घेऊन दोन अंकांची बेरीज करून दाखवली. अंक दोनच, शून्य आणि एक. शून्य आणि शून्य, शून्य. एक आणि शून्य, एक. एक आणि एक, शून्य आणि हातचा एक. आता नीट बघा. हातचा केव्हा येतो? दोन्हीकडे एक असेल तेव्हाच. म्हणजे हातचा हा शुद्ध अँड आहे. आणि खाली लिहायचा अंक एक केव्हा? दोघांपैकी नेमका एकच एक असेल तेव्हा. हाही घरातलाच आहे. जिन्याच्या दिव्याला खाली एक बटण आणि वर एक बटण असतं, कुठलंही एक बदललं की दिवा बदलतो, दोन्ही बदलली की होता तसा. पुस्तक त्याला एक्सॉर म्हणतं. एक्सॉर आणि अँड, झाली बेरीज. ह्यापलीकडे यंत्राला बेरीज म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

मुलांना इथं वाटतं, एवढंच? एवढंच. पण मग चौसष्ट घरांची बेरीज करायला बसा. उजवीकडच्या घरातून हातचा निघतो, पुढच्या घराला तो मिळेपर्यंत त्याला आपलं उत्तर देता येत नाही, त्याचा हातचा त्याच्या पुढच्याला, असं करत तो डावीकडे सरकत राहतो. नऊशे नव्व्याण्णवमध्ये एक मिळवताना आपणही हेच करतो. अंक सगळे एकदम हजर असतात, वेळ खातो तो हातचा. बॅबेजनंही एकोणिसाव्या शतकात आपल्या चाकांच्या यंत्रात ह्या हातच्यापायी डोकं शिणवलं होतं. उपाय असा, की वाट बघत बसायचं नाही, आधीच ताडायचं. दोन्हीकडे एक असलेलं घर, मागून काहीही येवो, हातचा देणारच. दोन्हीकडे शून्य असलेलं घर मागचा हातचा गिळणारच. आणि एकच एक असलेलं घर मागून येईल ते जसंच्या तसं पुढं ढकलणार. प्रत्येक घराचा हा स्वभाव हातचा यायच्या आधीच कळतो, मग सगळ्यांचे स्वभाव एकत्र बघून लांबच्या घराचा हातचा थेट काढता येतो. गेटं जास्त लागतात, वेळ वाचतो. संगणकाच्या रचनेचा पुष्कळसा इतिहास हा असल्या सौद्यांचा आहे. ट्रान्झिस्टर आणि त्यांची संख्या हे त्या मानानं सांगायला सोपं म्हणून लोक तेवढंच सांगतात.

वेगाचा फरक मात्र ऐकण्यासारखा आहे. स्टार्टरचा ठोकळा ओढला जायला सेकंदाचा पन्नासावा हिस्सा लागतो असं धरा. आजच्या चिपमधलं गेट त्याहून सुमारे शंभर कोटी पट चपळ असतं. काम तेच.

नांदेडात इंजिनिअरिंगच्या पदवीची सोय झाली ती 1981 साली, विष्णुपुरीला श्री गुरु गोबिंदसिंगजी महाविद्यालय सुरू झालं तेव्हा. आता महाविद्यालयं पुष्कळ झाली, पण गावोगावच्या प्रयोगशाळेत मुलाच्या हातात पहिली चिप पडते ती बहुधा तीच जुनी, 7400. चौदा पाय, सातवा ग्राउंड, चौदावा पाच व्होल्ट, पोटात चार नँड. नँड म्हणजे अँडच्या तोंडावर नॉट. ह्या एकाच जातीच्या गेटातून अँड, ऑर, नॉट, बेरीज, आठवण, सगळं उभं करता येतं. नॉरचंही तसंच, अपोलो यानातला चंद्रावर गेलेला संगणक सुमारे 5600 नॉर गेटांचा होता, दुसरी जातच नव्हती.

ब्रेडबोर्डवर मुलं काउंटर जुळवतात. जोडणी तपासली, टेबल तपासलं, सगळं बरोबर, आणि काउंटर तीनवरून एकदम सहावर उडी मारतो. कोणतंही गेट चुकलेलं नसतं. होतं असं, की क्लॉकचा ठोका पडला की सगळे फ्लिपफ्लॉप त्याच क्षणी कूस बदलतात, सगळे त्याच क्षणी वीज ओढतात, आणि बारीक तारेतून तेवढी वीज तेवढ्या चटकन येत नाही. क्षणभर पाच व्होल्टचे चार होतात आणि एखादा एक शून्यासारखा दिसू लागतो. इलाज ठरलेला: प्रत्येक चिपच्या पाच व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या पायाच्या मध्ये एक इवलासा कपॅसिटर. तो त्या क्षणापुरती वीज दाराशीच साठवून ठेवतो. सर्किटच्या आकृतीत त्याला तर्काच्या दृष्टीनं काहीच काम नसतं, म्हणून तो मुलांच्या आकृतीत नसतो.

ह्यावरून मला नेहमी डीपीवर, म्हणजे शेतातल्या मोटारींना वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, यावं लागतं.

स्टार्टर लक्षात ठेवतो असं मी वर म्हटलं, पण लाईट गेली की तो विसरतो. कॉइल सुटते, होल्डिंग उघडतो, आणि लाईट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. हे विसरणं मुद्दाम ठेवलेलं आहे. मधल्या वेळात कोणी विहिरीत उतरलेलं असेल, कोणाचा हात कपलिंगवर असेल. म्हणून परत एका माणसानं येऊन, बघून, हिरवं बटण दाबावं, असा त्या यंत्राचा रिवाज. पण तीन फेज लाईट शेताला मिळते पाळीपाळीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि त्या पाळीतही ती मध्येच जाते. केळीच्या बागेत रात्री दोन वाजता दारं धरायला जाणाऱ्याला लाईट गेली की घरी परतावं की बांधावरच बसावं हे कळत नाही. साप आहे, रानडुकरं आहेत, थंडी आहे. त्याच्या बाजूनं पाहिलं तर ते शहाणं विसरणं म्हणजे रोजची तंगडतोड. मग बाजारात एक छोटी डबी आली. लाईट आली की ती आपण होऊन हिरवं बटण दाबल्यासारखं करते. तिला ऑटो म्हणतात, आणि आता ती नाही असं शेत शोधावं लागेल.

तिच्याबरोबर आणखीही युक्त्या आल्या. एक फेज गेला तर मोटार जळू नये म्हणून पेटीत एक रक्षक असतो. तीनही फेज आहेत का, हे बघणारा. दोनच फेज येत असताना पाणी द्यायची निकड असली की त्याच्या डोक्यावरून एक वायर टाकून त्याला ‘डायरेक्ट’ करतात आणि कंडेन्सरच्या जोरावर मोटार रेटतात. अँडचा एक पाय कायमचा एकाला बांधून टाकायचा. गेट आपलं काम चोख करत राहतं, फक्त त्याला विचारण्यात काही अर्थ उरत नाही.

ऑटोचा तर्क एकेकट्या पेटीत निर्दोष आहे. लाईट आली आणि मालकाला पाणी हवं आहे, तर मोटार चालू. आता हिशेब करा. पाच एचपीची एक मोटार चालताना सव्वापाच केव्हीएच्या आसपास मागते. अशा बारा मोटारी म्हणजे 63 केव्हीएची डीपी काठोकाठ. पण मोटार सुरू होतानाचा झटका चालत्या मोटारीच्या सहापट असतो. पूर्वी लाईट आल्यावर एक जण पाच मिनिटांनी पोचायचा, दुसरा चहा पिऊन, तिसरा झोपलेलाच. त्या आळसानं डीपी वाचायची. आता रात्री अकराला लाईट येते, बारा ऑटो एकाच क्षणी बारा हिरवी बटणं दाबतात, आणि डीपीकडे एकदम पावणेचारशेहून अधिक केव्हीएची मागणी जाते. व्होल्टेज कोसळतं, त्यामुळं एकही मोटार नीट सुरू होत नाही, त्यामुळं झटका ओसरत नाही. मग फ्यूज, नाहीतर डीपी. केळी घडावर आलेली असताना डीपी जळाली की ती बदलून मिळेपर्यंतचे दिवस कसे जातात ते ज्याचं त्याला माहीत. महावितरण वर्षानुवर्षं आवाहन करतं की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. हा कपॅसिटर काउंटरमधल्या कपॅसिटरपेक्षा वेगळं काम करतो, मोटारीची वाया ओढलेली वीज तो भागवतो; पण दोन्ही ठिकाणी त्याच भांड्याची आठवण व्हावी ह्याची मला मौज वाटते. शेतकरी आवाहन वाचतो आणि ऑटो तसाच ठेवतो. मी त्याला दोष देऊ शकत नाही. आधी लाईट दिवसा द्या, मग ऑटो काढायला सांगा, हे त्याचं म्हणणं ऑफिसात बसून खोडता येण्यासारखं नाही.

गेटला आपल्या पायांपलीकडचं दिसत नाही. हे त्याचं बळही आहे. शेजारच्या गेटाचं काय चाललंय ह्याची काळजी करावी लागत नाही म्हणूनच अब्जावधी गेटं एका नखाएवढ्या चकतीत नांदतात. पण सगळ्यांच्या पाठीमागं एकच तार आहे, ही गोष्ट कुठल्याच टेबलात लिहिलेली नसते. ती कुणी तरी टेबलाबाहेर उभं राहून बघावी लागते. चिप बनवणारे आता हेच करतात. चिपचे मोठे भाग जागे करायचे असले तर एकदम करत नाहीत, थोड्या थोड्या अंतरानं करतात, म्हणजे सगळ्यांचा पहिला घोट एकाच वेळी पडत नाही.

आमच्याकडे अर्धापूरला एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी हे चिपवाल्यांना न विचारता शोधून काढलं. बऱ्याच ऑटोंमध्ये एक टायमर असतो; लाईट आल्यावर किती वेळानं मोटार सुरू करायची, ते स्क्रू फिरवून ठरवता येतं. तेव्हा पारावर बसून ठरलं, की पहिल्यानं इतका वेळ लावायचा, दुसऱ्यानं त्याच्या पुढं, तिसऱ्यानं त्याच्याही पुढं. क्रम विहिरींच्या अंतरावरून लावला, मग त्यावर भांडण, मग पुन्हा लावला. त्या उन्हाळ्यात डीपी टिकली. टायमर ज्याच्या त्याच्या पेटीत, कुलूप लावलेल्या पत्र्याआड, त्यामुळं कोणी काय लावलंय ते बाहेरून दिसत नाही. एकाचा शून्यावर आहे. कोणाचा, ते लाईट आल्या आल्या ज्या विहिरीवर पाणी पडतं तिथं बघितलं की कळतं, आणि त्याला बोलायला अजून कोणी गेलेलं नाही, कारण डीपी जळाल्यावर ट्रॅक्टर त्याचाच लागतो.